गयामावशींनी किसनकाकांचं नाव विचारलं

मंडळी, आज दुपारी आखाडा बाळापूरला जाऊन आले. तेव्हापासून कशात मन लागत नाहीये.

मी मेंदूवर संशोधन करते. माझ्या सगळ्या लेखांमध्ये जगभरात सर्वाधिक दाखला दिला जातो, तो माझे पेशंट किसनकाका यांच्यावरच्या लेखाचा. लकवा मारल्यावर त्यांच्याकडे एकच शब्द उरला होता, 'बराबर'. भूक लागली, दुखलं, रडू आलं, तरी 'बराबर'च. गेल्या आठवड्यात काका गेले.

आज भेटायला गेले, तेव्हा त्यांच्या बायकोला, गयामावशींना, धीर यावा म्हणून म्हटलं, "मावशी, काकांवर मी लिहिलंय ना, ते परदेशातले डॉक्टरसुद्धा वाचतात."

मावशींनी डोळे पुसले. "व्हय? दाखव की. त्यायचं नाव कुठं हाय?"

मी मोबाइलवर लेख उघडला. "त्यांचं नाव नाही, मावशी. पेशंटचं नाव लपवावं लागतं. हे वरचं नाव माझं."

"काहून लपवायचं? त्यायनं काय गुन्हा केला व्हता?"

हा नियम मी कितीतरी लोकांना समजावून सांगितलाय. आज मात्र मी मोबाइल त्यांच्या हातात दिला. मावशींना वाचता येत नाही, तरी मोबाइल पदरानं पुसून त्या नाव शोधत राहिल्या.

तुम्ही असता तर त्यांना काय सांगितलं असतं?