अबोल्याचं पाणी

एवढा भांडखोर आणि एवढा भाविक माणूस एकाच कातड्यात कोंबलेला मी माझ्या साडूशिवाय दुसरा पाहिला नाही. एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात बॉयलरच्या आवाजात नोकरी झाली, त्यामुळे बोलणं कायमचं ओरडून. साधा रामराम घातला तरी समोरचा मागे वळून बघायचा, कुठे आग लागली की काय. रिटायर झाले आणि शहराबाहेरच्या एका बाबाच्या मठात जायला लागले. मग त्या बाबाचा प्रत्येक शब्द कारखान्याच्या नियमासारखा पाळणं सुरू झालं. बाबा म्हणाला, घास सावकाश चावा, तर लग्नात तिसरी पंगत बसली तरी हे पहिल्या पंगतीतला वरणभात चावतायत. बाबा म्हणाला, झाडाला दुखवू नका, तर माझ्या झेंडूच्या वावरात येऊन तोडणीच्या बायांना म्हणाले, "आधी फुलाची माफी मागा!" त्यातली एक म्हणाली, "मागते की, पण तवर टेम्पो थांबवा तुमी."

सगळ्यात कडक नियम गुरुवारचा. ज्याच्याशी अबोला असेल त्याच्या दारी जायचं, पाणी मागायचं, बसून प्यायचं. भांडणाबद्दल मात्र एक शब्द काढायचा नाही. मग घरी येऊन जेवायचं, तोवर उपास. साडूला हा नियम फार मानवला, कारण भांडणांना तोटा नव्हता. दूधवाला, सोसायटीचा चेअरमन, सख्खा व्याही, सगळ्यांकडे पाणी पिऊन झालं. पण माणसाला एकदा घरात बसवून पाणी पाजलं की त्याच्याशी बोलावंच लागतं. त्यामुळे साडूची भांडणं संपत चालली आणि पंचाईत झाली. एका बुधवारी मी डोळ्यांनी पाहिलं, भाजीबाजारात मेथीवाल्याशी काही कारण नसताना गळा फाडून भांडत होते. आक्का, म्हणजे त्यांची बायको आणि माझ्या बायकोची थोरली बहीण, पिशवी धरून बाजूला उभी. मला म्हणाली, "काही नाही हो, उद्याच्या जेवणाची सोय चाललीय."

मी त्या बाबाला कधी मानलं नाही. माझी शाळा चौथीत सुटली, पण गादीवर बसून दुसऱ्याला कष्ट सांगणारा माणूस ओळखायला शाळा लागत नाही. माझ्या बायकोनेही त्याचं बाकी काही घेतलं नाही, फक्त ही गुरुवारची गोष्ट तिच्या मनात राहिली. तिचा धाकटा भाऊ पिंपळगाव बसवंतला असतो, द्राक्षाचं पॅकहाऊस आहे त्याचं. त्यांची आई गेली तेव्हा आमची गाडी रस्त्यात बंद पडली आणि भावाने हिची वाट न पाहता अग्नी दिला. आईचं तोंड दिसलं नाही ते नाहीच. तेव्हापासून राखी बंद, भाऊबीज बंद, नावसुद्धा काढायची नाही. पुढे ही आजारी पडली, दुखणं वाढत गेलं, डॉक्टरांनी हात टेकले, आणि एका गुरुवारी सकाळी ही उठून बसली. म्हणाली, "मला पिंपळगावला न्या." गाडी केली. पॅकहाऊसच्या पायऱ्या ती कठड्याला धरून चढली, रिकाम्या क्रेटवर टेकली आणि भावाला म्हणाली, "पाणी दे रे." तो पळत घरी गेला आणि माठातलं घेऊन आला. त्यानंतर थोड्याच दिवसांत ती गेली. त्या भावाने खांदा दिला.

हिला जाऊन वर्ष होत आलं तेव्हा बाबाला पोलिसांनी धरून नेलं. मठातल्या मुलींनी तोंड उघडलं होतं. साडू आधी म्हणाले, सगळं खोटं आहे, डाव आहे. मग त्यांच्याच गल्लीतली एक पोर आक्काच्या स्वयंपाकघरात येऊन बसली आणि तिने जे सांगितलं ते साडूंनी दाराआडून ऐकलं. त्याच दिवशी फोटो फोडला, माळ तोडली, अंगारा गटारात. मी म्हटलं, उशिरा का होईना, बरं झालं. पण या माणसाला अर्धवट काही जमतच नाही. त्यांनी सगळी जुनी घरं पुन्हा पालथी घातली. दारात उभं राहून सांगायचे, "मी तुमच्याकडे पाणी प्यालो ते त्या हरामखोराच्या सांगण्यावरून. ते धरू नका. आपलं भांडण होतं तिथंच आहे!" मेथीवाला म्हणाला, "काका, कुठलं भांडण? जुडी घ्या आन् जावा घरी."

इथपर्यंत मीही हसलो. मग वर्षश्राद्ध दोन दिवसांवर असताना मेव्हण्याचा फोन आला.

"दाजी, मोठे दाजी येऊन गेले. म्हणत्यात, ताई मनानं आलीच नव्हती. बाबाचा नियम म्हणून आलती. खरं हाय का?"

"त्यांचं डोकं फिरलंय."

"पन नियम व्हता ना? गुरुवारच व्हता ना? मी वर्षभर समजून बसलो, तिनं माफ केलं. आता कुठल्या तोंडानं येऊ श्राद्धाला? मी नाय येत."

मेलेल्या बाईचं शेवटचं चांगलं काम कोणी असं पुसून टाकतं का? तसाच नाशिकरोडला साडूंच्या घरी गेलो. चपलाही काढल्या नाहीत.

"काय सांगून आलात माझ्या मेव्हण्याला?"

"खरं तेच सांगितलं."

"तुम्हाला काय ठाऊक खरं?"

मी म्हटलं आता ओरडतील. मीही ओरडायच्या तयारीनेच गेलो होतो. पण ते एवढं हळू बोलले की मला पुढे वाकावं लागलं. "पाव्हणं, त्या पोरीला मी नेलं होतं मठात. तिच्या आईला मीच म्हटलं, सेवेला पाठवा, पोरीचं भलं होईल. आता त्या माणसाची एक जरी गोष्ट चांगली ठरली, तर तेवढा मी त्याच्या बाजूला उभा राहतो. म्हणून सगळं पुसायचंय मला. सगळं."

माणूस चुकीचं बोलत नव्हता.

"त्याला जोडे मारायला मी तुमच्या पुढे आहे," मी म्हटलं. "पण नियम काय होता? भांडणाचा एक शब्द काढायचा नाही, हाच ना?"

"हाच."

"मग ऐका. पाणी पिऊन झालं आणि हिने भावाला विचारलं, आईचं तोंड कसं दिसत होतं रे शेवटी? त्याने सांगितलं, आई झोपल्यासारखी होती, आणि तो लहान पोरासारखा रडला. हिने पदराने त्याचं तोंड पुसलं. हे कोणाच्या नियमात होतं?"

"विचारलं तिने?"

"विचारलं."

"म्हणजे नियम मोडला."

"मोडला. पाणी त्याच्या सांगण्याने प्याली असेल. पुढचं सगळं तिचं."

आतून आक्का कडाडली, "मग हे पिंपळगावला जाऊन सांगा ना! इथे एकमेकांची तोंडं काय बघताय?"

साडू उठले, पुन्हा बसले. म्हणाले, "आणि त्या पोरीच्या दारी? तिथे जाऊ मी, पाणी मागायला?"

"नाही," मी म्हटलं. "तिथे मागायचा हक्क नाही तुम्हाला. तिच्यासाठी पोलिसांत जबानी द्या."

जबानी त्यांनी दिली. पिंपळगावलाही गेले. मेव्हण्याला काय सांगितलं ते मला माहीत नाही, पण श्राद्धाच्या दिवशी तो सकाळीच आला, आणि हिच्या फोटोला हार त्यानेच घातला. साडूशी तो अजून बोलत नाही. साडूही त्याच्याकडे पाणी मागत नाहीत.

बाबा वाईट आणि त्याचं सांगणं चांगलं, असं होतं का, हे शिकलेल्या लोकांनी ठरवावं. मला एवढंच दिसतं की साडू आता हळू बोलतात. परवा मी मुद्दाम खोडी काढली, म्हटलं, तुमच्या वीजकेंद्रात तुम्ही नुसते झोपा काढल्या. पूर्वी छप्पर उडालं असतं. म्हणाले, "असेल, तुमचं खरं असेल." घरी येऊन हे हिला सांगावंसं वाटलं. आमचाही अबोला व्हायचा, चांगला दोन दोन दिवस चालायचा. बोलायची नाही, पण माझ्यासमोर चहाचा कप असा आदळायची की बशीत सांडायचा. आता चहा मीच करतो. कप आवाज न करता ठेवतो.