खेमराजचा डोंगा

माझा धाकटा भाऊ खेमराज लाकूड वाकवाचा. खोटं नाही सांगत. पातळ प्लायवूडवर ओली पोती टाकाची, वरून उकळतं पाणी ओताचं, अन् दोराले पीळ देत देत फळी इतकी हळू वाकवाची का पाहणाऱ्याले झोप यावी. घाई केली का फळी कडकन मोडे. मग खेम्या माझ्यावरच खेकसे, "तू बोलली म्हणून मोडली!" मी कायले बोलू? मी तं फक्त चहा आणून ठेवला होता.

आम्ही ढिवर. नवेगाव बांधच्या तलावात बापजाद्यांपासून मासोळ्या मारतो. जुने लाकडी डोंगे सडून राहिले होते, अन् जंगलातून झाड तोडून आणू देत नाही कोणी. खेम्या गोव्याले बोटीच्या कारखान्यात काम शिकला अन् २००५ साली परत आला. त्याचा एकच हेका, आपल्या तलावाचे डोंगे मीच करीन अन् आपली माणसं त्यात बसतील.

आधी त्यानं प्लायवूडचा डोंगा केला, अन् त्याच्यावरून फायबरचा साचा काढला. साच्यात काचेचं कापड अंथराचं, रेझिन चोपडाचं, वाळलं का डोंगा उपसून घ्याचा. नाकाशी बाक असा वर उचललेला का शिंगाड्याच्या वेलात अडकत नसे. त्या बाकाले तो कापडाचे चार थर देई, कारण सगळा मार तिथंच बसते. फायबरची कूस अंगात घुसून जीव खाजवून खाजवून हैराण होई त्याचा. डोंगे पाण्यात उतरले, तसं लोकांनी त्याईले नावच देऊन टाकलं. "आज खेमराज घेऊन गेलतो," म्हणत. माझी छाती फुगून जाई.

मग आमचा मामा उगवला. केशोराव, अर्जुनीचा. "भाच्या, थोडे दिवस साचा दे. माझ्या ओळखीच्या ठेकेदाराले पाहिजे." खेम्या नाही म्हणाला, तं आमची माय रुख्मा उसळलीच. आमच्याकडे विटांचा साचा गावभर फिरते, कोणी मांगला अन् नाही म्हटलं तं तो माणूस कंजूष. "साचाच तं मांगून राहिला, डोंगा थोडी! माझ्या भावाले दारातून रिकामा पाठवशील?" तिच्या लेखी सगळे साचे सारखेच. द्यावा लागला.

ठेकेदारानं त्यात धडाधड डोंगे काढले. बाकाले दोनच थर, अन् वरून रंग असा चकचकीत का विचारू नका. आमच्याच तलावावर आणून विकले मेल्यानं! वाऱ्याच्या एका दिवशी त्यातला एक बुडालेल्या खुंटावर आपटला अन् नाकाशी उकलला. आमच्याच मोहल्ल्यातला जागेश्वर त्यात होता. बुडून मेला. तलावभर एकच बोंब, खेमराज फुटला, खेमराजनं जागेश्वरले मारलं.

खेम्या फुटका तुकडा घेऊन घरोघरी फिरला. थर उलगडून दाखवले. लोक म्हणत, "आकार तं तुहाच हाय ना?" मी भांडली, शिव्या देल्या, कोणी ऐकून घेतलं नाही. मामानं तोंडसुद्धा दाखवलं नाही, मुर्दाड कुठला.

तरी माझ्या भावानं हट्ट सोडला नाही. महिने घालवून नवा डोंगा केला, बाकाले सहा थर. घाटावर सगळ्यांच्या देखत त्यात उभा राहून उड्या मारल्या, दगडानं ठोकून दाखवला. "बसा कोणी. किनाऱ्याकिनाऱ्यानं फिरवून आणतो." सगळे तिथंच उभे. मी चढून बसली, तं मागून कोणीतरी म्हणालं, बहीण तं बसणारच. खेम्या मग मायकडं वळला. "माय, तू ये. तुले पाहून लोक बसतील."

माय पाण्यात उतरली. डोंग्याच्या काठाले हात लावला अन् तिथंच थांबली.

"मले पोहता येत नाही, बाबू," म्हणाली, अन् लुगडं सावरत मागं फिरली.

आमची माय त्याच तलावात पोहत लहानाची मोठी झाली, हे घाटावरच्या सगळ्याईले माहीत होतं.