पुलाच्या अलीकडची माझी जाऊ

गाणं ऐकावं कसं, हे आपल्या अख्ख्या संभाजीनगरात एकट्या माझ्या धाकट्या जावेला कळतं, असं माझं ठाम मत आहे. आणि तिच्यावर जळावं कसं, ते माझ्याइतकं कुणालाच कळत नाही. आम्ही दोघी एकाच घरात, मी खाली आणि ती वर. ती लग्न होऊन आली तेव्हापासून बघतेय, कानावर सूर पडला की हिचे पाय जमिनीला चिकटतात. सकाळी घंटागाडी गाणं वाजवत गल्लीत येते. बाकीच्या बाया कचरा टाकतात, एकमेकींच्या सुनांची चौकशी करतात आणि घरात जातात. ही मात्र कचऱ्याचा डबा लेकरासारखा कडेवर घेऊन उभी. गाडी कोपऱ्यावर वळली, गाणं विरलं, की मग हिला ध्यानात येतं की कचरा डब्यातच राहिला. डबा ठेवायची जागा माझ्या दाराशी, त्यामुळं हिच्या संगीतप्रेमाचा वास दिवसभर मी घ्यायचा. शेजाऱ्याची मोटार मागं सरकताना पिंपिं करते, त्यातसुद्धा हिला काही ऐकू येतं. "खालचा सूर जरा बसकाय, अक्का," असं ती मला सांगते, जणू मीच ती गाडी बनवलीय.

एकदा शहागंजात बांगड्या घ्यायला गेलो होतो. चालता चालता मी काहीतरी बोलत होते, उत्तर येईना, मागं वळून बघते तर बाई गायब. एका अत्तराच्या दुकानात रेडिओवर कव्वाली लागली होती आणि ही भर रस्त्यात, रिक्षावाले हॉर्न मारताहेत, डोळे मिटून उभी. दुकानदार पोक्त माणूस. त्यानं स्वतः उठून तिला स्टूल दिलं. म्हणाला, "खाला, धूप में कायकू खडे? अंदर बैठके सुनो ना." तिनं ऐकलं, त्यानं तिच्या मनगटाला अत्तरही लावलं. मी दोन्ही हातांत पिशव्या घेऊन उन्हात उभी होते. मला कुणी स्टूल दिलं नाही. तो म्हणाला ते अजून आठवतं, "ऐसा सुननेवाला मिलना मुश्किल है." घरी येईपर्यंत मी तिच्याशी बोलले नाही. तिला ते कळलंही नाही, कारण ती मनातल्या मनात कव्वालीच ऐकत होती.

आता माझं सांगते, म्हणजे माझी जळजळ तुम्हाला कळेल. मी गाते. पेटीही वाजवते. कुणाकडं शिकायला गेले नाही. सासऱ्यांची पेटी माळ्यावर पडून होती, ती खाली काढली. स्वयंपाक आटोपला की बोटं फिरवायची आणि चुकलं की आपणच आपल्याला रागवायचं, अशी ती विद्या. दर गुरुवारी माझ्याकडं बायांचं भजन असतं आणि शेवटची भैरवी माझी, हे ठरलेलं. भैरवी झाल्याशिवाय बैठकीतून उठू नये, ही साधी रीत आहे. आमच्यातली एकजण तर गुडघ्यात कळ आली तरी भैरवीपर्यंत पाय पसरत नाही. आणि माझी ही जाऊ, जी कचऱ्याच्या गाडीसमोर खांबासारखी उभी राहते, ती मी भैरवीचा पहिला सूर लावला रे लावला की गुडघ्यावर हात टेकून उठते आणि आत चहा टाकायला जाते. दर गुरुवारी. बाया म्हणतात, "तुमची जाऊ लई कामाची हो." मी हसते. आतून मात्र दर वेळी काहीतरी तुटतं. तिच्यासारखे कान घरात असावेत आणि माझी भैरवी तेवढी त्या कानांत जाऊ नये?

त्यात तिच्या सुनेनं तो टीव्हीवर खेळायचा खेळ घरात आणला. सून गुणाची आहे, शेंद्र्याला कंपनीत इंजिनीअर आहे. दिवसभर यंत्रांशी डोकं लावून येते आणि संध्याकाळी टीव्हीला डबी जोडून, हातात दोन कानांचं रिमोट धरून खेळते. एक घोडेस्वार असतो, तो डोंगरदऱ्यांतून माणसं मारत हिंडतो. जाऊ तिथंच बसून भाजी निवडायची, वर बघायचीही नाही. एक दिवस घोडेस्वार एका तळ्याशी आला. तळ्यावर लाकडी पूल, पलीकडं धुकं. मागचं संगीत एकदम बदललं आणि एक बाई गायला लागली. जावेच्या हातातली मेथी हातातच राहिली. "थांबव त्याला," म्हणाली. सुनेनं सगळा खेळच थांबवला, तर गाणंही बंद. "तसं नाय ग, गाणं ऱ्हाऊ दे. घोड्याला थांबव." सून हसून मला म्हणाली, "मोठ्याई, ह्यांचं काही वेगळं नाही. हा खेळ खेळणारे सगळेच इथं थांबतात म्हणे. लढाई सोडून पुलाशी ऐकत बसतात."

त्या दिवसापासून तो घोडा पुलाच्या अलीकडंच आहे. पलीकडं राजवाडा आहे म्हणतात, राक्षस आहे, सुनेला तिथं जायची लई हौस. पण पूल ओलांडला की गाणं बदलतं, म्हणून सासूनं पुढं जायला मनाई केलीय. सून बिचारी मागं फिरून त्याच त्याच जंगलात लाकडं तोडत बसते. दुपारी ती कामावर असली की जाऊ स्वतः टीव्ही लावते. तिला रिमोटचं एकच बटण येतं. कधीमधी लांडगे येतात आणि घोडेस्वाराला फाडून खातात, ही हलत नाही. "मरू दे मेल्याला, परत येतोय," म्हणते आणि ऐकत राहते.

मी त्या गाणाऱ्या बाईवर जितकी जळले तितकी आयुष्यात कुणा सवाष्णीच्या पैठणीवर जळले नसेन. शब्द नाहीत, देवाचं नाव नाही, नुसता "आऽ". मी सुनेला विचारलं, ही कोण, कुठली? तिला ठाऊक नव्हतं. म्हणजे जिचं नाव नाही, गाव नाही, तिच्यासाठी माझी जाऊ दुपारची झोप सोडते. एका दुपारी मी मुद्दाम पेटी घेऊन वर गेले. म्हटलं, नवीन अभंग बसवलाय, ऐक. दोन ओळी झाल्या असतील. ती अगदी मायेनं म्हणाली, "अक्का, जरा दमा. आता ती बाई वर चढती, तेवढं होऊ द्या."

माझ्या पेटीचा भाता तसाच उघडा राहिला. मी रिमोट उचललं. म्हणलं, "दे इकडं, त्याला एकदाचा पलीकडं घालवते. बघू तरी काय राजवाडा आहे."

तिनं माझा हात धरला. घट्ट. "नको, अक्का. पलीकडं गेलं की संपतंय."

"संपलं तर संपलं. गाणं म्हणल्यावर संपणारच की."

"ह्याला भैरवीच नाय, अक्का. शेवटाला येतं न् परत पहिल्यापास्नं सुरू होतंय. म्हणून तर मला बसता येतं."

मग मला राहवलं नाही. "आणि माझ्या भैरवीला तुला बसता येत नाही. चहा महत्त्वाचा."

ती माझ्याकडं बघतच राहिली. "चहाचं काय, तो मी आधीच उकळून ठेवलेला असतो. तुमी भैरवी धरली की आता बाया उठणार, सतरंजी झटकणार, चपला शोधणार. ते मला बघवत नाय. मी आत जाऊन कान झाकते आणि तुमचं आधीचं घोळवत बसते." मग म्हणाली, "ल्हानपणी पिशोरच्या बाजारात गाणारे यायचे. गाणं भरात आलं की बाबा मला उचलून बैलगाडीत टाकायचे, पुढं जायचं असायचं. शेवट कधी ऐकलाच नाय. मग ते गाणं गाडीत माझ्यासंगं घरापत्तोर यायचं. तुमचं बी तसंच येतं, पार शुक्रवारपत्तोर."

मी रिमोट खाली ठेवलं. तिच्यापुढची मेथी निवडायला घेतली. टीव्हीत लांडगे आले. आम्ही दोघी हललो नाही.

पुढच्या गुरुवारी अभंग संपत आला, सगळ्यांच्या माना भैरवीसाठी माझ्याकडं वळल्या. जावेचा हात गुडघ्यावर गेलेला मला दिसला. मी भैरवी धरलीच नाही, अभंगाच्या पहिल्या ओळीवर परत आले. टाळ वाजवणारी गोंधळून म्हणाली, "अहो, हे झालं की." मी मानेनंच तिला वाजव म्हटलं. जाऊ अर्धवट उठली होती, ती खाली बसली. मी परत फिरले, पुन्हा परत फिरले. आत मंद गॅसवर ठेवलेला चहा आटून करपल्याचा वास आला. कुणाला काही कळेना, पण उठलंही कुणी नाही. तिचे डोळे मिटलेले होते आणि कचऱ्याच्या गाडीसमोर असतो तसाच चेहरा होता. तो चेहरा माझ्या गाण्यासमोर दिसायची वाट बघता बघता मी म्हातारी झाले होते.

पण माझा गळा म्हणजे काही डबी नाही. दम लागला, सूर हलायला लागला, मग मी एका ओळीच्या मध्येच हळूच थांबले. तिनं डोळे उघडले, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "ऱ्हाऊ द्या अक्का, पुढचं मी आत घोळवते." आणि नवा चहा टाकायला गेली.

आता आमचे गुरुवार असेच, बिनभैरवीचे असतात. दुपारी पेटी पुसताना वरून तिचा आवाज ऐकू येतो, त्या "आऽ"वाल्या बाईचा. ती तळ्याकाठी गातेच आहे. तिला दम लागत नाही, तिचा गळा म्हातारा होत नाही, आम्ही दोघी नसलो तरी ती तिथं परत पहिल्यापासून सुरू करेल. तेवढ्या एका गोष्टीसाठी मी तिच्यावर अजून जळते.