दिलीपनं नको म्हटलेली सफरचंदं

दिलीप गेल्याचा फोन आला तेव्हा मी इथं आखातात, हमद पोर्टवर होतो, एका कंटेनरचे कागद जुळत नव्हते म्हणून वैतागलेला. झोपेतच गेला, असं वहिनी, त्याची बायको, म्हणाल्या. एक्कावन्न वर्षांचा होता. त्याला आता पाच आठवडे झाले, आणि मी लिहायला बसलोय ते दुःखापेक्षा रागानं, हे आधीच सांगतो. शोकसभेत त्याच्या कंपनीचा मॅनेजर उठला आणि गहिवरून म्हणाला की, वाळवंटात सफरचंदाची बाग फुलवायचं आमच्या दिलीपभाईंचं स्वप्न होतं, ते अर्धवट राहिलं. लोकांनी माना हलवल्या. अल नस्र भागात आम्ही एकाच मजल्यावर समोरासमोरच्या घरांत बारा वर्षं काढली. ते स्वप्नाचं साफ खोटं आहे.

खरं ते असं. मुऐदर गावाच्या पुढे एका बड्या माणसाचं शेत आहे, त्यात कुंपण घालून हरणं सोडलेली; तिथल्या झाडांचं काम दिलीपच्या कंपनीकडे. नोव्हेंबरातल्या फुटबॉल वर्ल्ड कपला त्याच्याकडे पाहुणे येणार आणि हरणं तर बुजून पार टोकाला बसतात. तेव्हा बैठकीसमोर सफरचंदं लावू, फळाच्या ओढीनं ती पुढे येतील, ही कल्पना मॅनेजरची. झाडं निवडायचं काम मात्र दिलीपकडे, कारण तो शेतकीचा पदवीधर, नाशिकला रोपवाटिका चालवून आलेला. त्यानं महिनाभर चौकशी करून सांगितलं की, लावायचीच तर ॲना आणि डोरसेट गोल्डन या जाती शेजारी-शेजारी लावा. दोन्हींना थंडी कमी लागते आणि फळ धरायला एकीला दुसरीचा पराग लागतो. पण धरलंच तर ते मे-जूनमध्ये पिकणार. नोव्हेंबरात झाडावर काही नसेल. त्यापेक्षा बोरी लावा, हरणं निदान पाला तरी खातील.

"बोर तो गाँव में भी है, दिलीपभाई," मॅनेजर म्हणाला. "फोटो में लाल चाहिए. नवंबर में. यल्ला, चलो."

"हरीण झाड पे नहीं चढता, साहब. जो नीचे गिरता है वो खाता है. झाड हरीण के लिए चाहिए की कॅमेरे के लिए?"

हे त्यानं आमच्याकडे चहा पिता पिता जसंच्या तसं करून दाखवलं होतं. वहिनी म्हणाल्या, "अहो, ही हिंदी होती?" तर म्हणाला, "चिडल्यावर मला एवढीच येते."

लाल फळांची झाडं मागवायच्या कागदावर त्यानं सही केली नाही. तरी कुठून तरी थंड मुलखातली, लाल फळांची मोठी झाडं कुंड्यांसकट आली आणि उन्हाळ्यात पानं करपून काड्या उरल्या. मग त्या काड्यांना तारेनं प्लास्टिकची सफरचंदं बांधली... होय, प्लास्टिकची, फोटोसाठी. दिलीपला कळलं तसा तो शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, पक्कड घेऊन गेला आणि हरणाचं तोंड पोचेल तिथपर्यंतची सगळी काढून आला. पुढच्या आठवड्यात त्याला तिथून उचलून गोदामात बसवलं. त्याच लोकांना सभेत गहिवर येतो!

परवा वहिनींना कंपनीची मेल आली. त्या जागेला 'दिलीप यांची सफरचंद बाग' असं नाव द्यायचं आहे, पाटी तयार आहे, कुटुंबाची संमती हवी. म्हणजे जिवंतपणी ज्याला तो नाही म्हणाला, त्यावर मेल्यावर त्याचं नाव. झाडं का जळली, असं उद्या कुणी विचारलं की पाटीकडे बोट दाखवायचं. मी तावातावानं बोललो, पण शेवटी संसारी माणूस. म्हटलं, "वहिनी, अजून त्यांच्याकडून त्याच्या पैशांचे बरेच कागद यायचेत. जरा गोड लिहा."

"कागद येतील तेव्हा येतील, भाऊजी," त्या म्हणाल्या आणि मुलीला हाक मारली. "रेवा, लिही. म्हणावं, आपल्या भावनांबद्दल आभारी आहोत, परंतु..."

रेवाला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत देते. जेवणाच्या टेबलावर बाबाच्या खुर्चीत पाय वर घेऊन बसली होती. आईचं बोलणं संपायच्या आत तिनं दोन वाक्यं टाइप करून वाचून दाखवली.

"माय फादर सेड नो. प्लीज डोन्ट मेक हिम से येस नाऊ."

वहिनींनी वाकून ते स्क्रीनवर पुन्हा वाचलं. मग म्हणाल्या, "त्यातलं प्लीज काढ."

रेवानं काढलं आणि पाठवून दिलं.