कवेलू आणि सहा तास

२२ नोव्हेंबर २०२५, शनिवार, सकाळचे नऊ वाजून चाळीस मिनिटे. फुलचूरमधल्या एका अर्धवट घराच्या अंगणात, प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून, मी आर्किटेक्टांच्या सक्तीच्या प्रशिक्षणाला ऑनलाइन हजर झाले. परवान्याच्या नूतनीकरणासाठी चाळीस तास लागत होते. माझे चौतीस झाले होते. हे सहा तास मिळाले असते तर महिनाअखेर नूतनीकरणाचे पत्र हाती आले असते. त्या पत्राशिवाय नवेगाव बांधच्या शाळेच्या इमारतीसाठी अर्ज करता येत नव्हता, आणि ते माझे पहिले सरकारी काम ठरू शकले असते.

व्यवस्था साधी होती. कॅमेरा सुरू ठेवायचा. अधूनमधून पडद्यावर एक चौकोन उमटे, तो मिनिटभरात दाबायचा. त्या दिवशीचा विषय अग्निसुरक्षा होता. याच घराच्या स्लॅबची तपासणी मी एक वाजता, जेवणाच्या सुटीत ठेवली होती. काँक्रीट त्यानंतर पडणार होते.

अकराच्या सुमारास मिक्सर सुरू झाला. मी वर पाहिले.

"संध्याकाळी मंडई हाय मॅडम," मिस्त्री वरून ओरडला. "लेबर पाच वाजता पळते. तुमच्या सुटीसाठी थांबलो त स्लॅब तुम्हीच टाकसान."

दिवाळीनंतर गावोगाव भरणाऱ्या मंडईच्या जत्रेपुढे कुठलेही वेळापत्रक टिकत नाही, हे मी गृहीत धरायला हवे होते.

मोबाईल हातात धरूनच मी वर गेले. सळ्या आणि खालच्या फळ्या यांच्यात अंतर राहावे म्हणून सिमेंटचे छोटे ठोकळे ठेवतात. ठोकळ्यांचे पोते जिन्यात तसेच बांधलेले होते. सळ्यांखाली होते कवेलूंचे, म्हणजे छपराच्या कौलांचे तुकडे, घरमालकीण काकूंचे जुने घर उतरवल्यावर उरलेल्या कवेलूंचे.

"हे कोणी सांगितलं?"

"काकूनं. जुनं छत नव्या छतात गेलं पायजे म्हणे. अन् अंतर बरोबर हाय, मोजा ना."

मोजले. वीस मिलिमीटर, अंतर खरोखरच बरोबर होते. पण भाजलेली माती पाणी ओढते. ते पाणी सळीपर्यंत पोचते, सळी गंजून फुगते आणि काही वर्षांनी छताचे पोपडे निघू लागतात. मिक्सर बंद करायला लावून मी हे काकूंना समजावले.

"मंग माह्या घराचं काहीच नाही उरत," त्या म्हणाल्या.

"कठड्यात एक अख्खं कवेलू बसवू. तिथे सळी नाही."

"पक्कं?"

"पक्कं."

पहारीने सळी उचलायची आणि तुकडा काढून ठोकळा सरकवायचा, या कामाला दोन्ही हात लागत होते. मी मोबाईल काकूंना दिला आणि चौकोन उमटला की दाबायला सांगितले. हा नियमभंग होता. मी तो समजून-उमजून केला. कॅमेऱ्याचा विचार मात्र केला नाही.

अर्ध्या तासाने खालून प्रशिक्षकांचा आवाज आला.

"आपण कोण? मॅडम कुठे आहेत?"

"मी घरमालकीण हाय जी. मॅडम वरतं हायेत, कवेलू काढून रायल्या."

"मग त्यांची हजेरी कोण लावतंय?"

"मीच लावून रायली ना! तिसरा चौकोन हाय हा. एक बी सोडला नाही."

मिस्त्री पहार टेकवून हसला. "घ्या. काकूले परवाना भेटला."

मी खाली पोचले तेव्हा पडदा कोरा होता. बाराच्या आत ईमेल आला: त्या दिवसाची हजेरी रद्द. पुढचे सत्र जानेवारीत, म्हणजे शाळेच्या अर्जाची मुदत संपल्यावर.

"बरोबर दाबलं ना मी?" काकूंनी विचारले.

"बरोबर दाबलंत."

काँक्रीट एक वाजून दहा मिनिटांनी सुरू झाले आणि पाचला पाच मिनिटे कमी असताना संपले. मजूर हातपाय धुऊन मंडईला गेले. कॉलेजच्या प्रयोगशाळेपासून मला दिवसाचे आकडे दिवसाअखेर लिहून ठेवायची सवय आहे. तिथेच उभी राहून मी वही उघडली.

बदललेले ठोकळे: १४४.
सळीखालचे अंतर, बारा ठिकाणी मोजून: २० मिमी.
प्रशिक्षणाचे तास: ३४.