माय गेली

मुलीच्या शाळेत पालकसभेला गेले होते. मध्य प्रदेशातल्या बालाघाटातली हिंदी शाळा. भिंतीवर नवा फलक लावलेला: ‘अपने मन की हर बात टीचर से कहो.’ कोणत्या भाषेत, ते लिहिलेलं नव्हतं. नुकत्याच पुसलेल्या ओल्या फळ्याचा, खडूचा वास आला आणि मी माझ्या तिसरीच्या वर्गात जाऊन पोचले.

बऱ्याच दिवसांनी शाळेत आले होते. केसांना तेल नव्हतं, वेणी मीच कशीबशी घातलेली.

“इतने दिन कहाँ थी?” सरांनी विचारलं.

घरी आम्ही मराठीच बोलायचो. मी तीच बोलले. “माय गेली, सर.”

“गई है तो आ जाएगी. बैठ.”

अर्ध्या वर्गाला मराठी कळत होती, पण सरांना कोण सांगणार? त्यांनी नुसतं माझ्या तोंडाकडे पाहिलं असतं, तर भाषेची गरजच पडली नसती. ते फळ्याकडे वळून पाढा लिहू लागले.

सर कधी खोटं सांगत नाहीत, हे मायनंच शिकवलं होतं.

संध्याकाळी बाबांनी विचारलं, “दारात काहून बसली वं?”

“माय येनार हाय,” मी म्हटलं. “सरनं सांगतलं.”