हातातला हरवलेला फोन

महिपती कळस गावचा. इंदापूर-बारामतीच्या बागांतली डाळिंबं परदेशी धाडणाऱ्या एका कंपनीच्या पॅकहाउसवर, म्हणजे फळं निवडून पेट्या भरतात तिथं, तो सुपरवायझर आहे. माणूस सरळ, आणि सरळ माणूस असतो तेवढा हट्टी. रीत म्हणजे रीत. बागेत शिरताना चपला बांधावर, मग कलेक्टर आला तरी बांधावर.

यंदा कंपनीनं सगळ्या सुपरवायझरांना फोन दिले. दिले कसले, हातात ठेवले. लगाम पुण्याच्या ऑफिसात. कुठला फोन कुठं आहे, चालू आहे की बंद, हे तिथला दिग्विजय नावाचा मुलगा एका पडद्यावर बघतो, आणि संशय आला तर बसल्या जागेवरून फोनला कुलूप घालतो, आतलं सगळं पुसूनही टाकतो. हे महिपतीला नीट समजावलं होतं. त्यानं मानही हलवली होती. आता मान हलवली म्हणजे समजलं, असं धरून चालणाऱ्यांना काय म्हणावं!

खंडेनवमीला पॅकहाउसवर अवजारांची पूजा असते. कात्र्या, क्रेट, वजनकाटा मांडून झाला, तेव्हा महिपतीच्या मनात आलं, रोज ज्याच्यावर काम करतो ते अवजारच की. त्यानं सगळ्यांचे फोन गोळा केले. पूजेला बसलेलं अवजार त्या दिवशी वापरायचं नसतं, म्हणून बंद केले. हळदकुंकू लावलं, झेंडू वाहिला आणि शेडला कुलूप लावून घरी गेला. बिनघोर झोपला.

दसऱ्याच्या सकाळी आपला फोन चालू केला, तर पडद्यावर एवढंच: हा फोन हरवलेला आहे, सापडल्यास या नंबरवर कळवा.

महिपतीनं फोन उलटा केला, सुलटा केला. दुसरा चालू केला, तोही हरवलेला. तिसराही. सगळे फोन डोळ्यांसमोर, आणि सगळे हरवलेले.

हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. सर्जेरावांच्या बागेचे फोटो आणि फवारणीची नोंद महिपतीच्या फोनात होती. बागेत रेंज नाही, आणि पॅकहाउसवर येताच फोन पूजेला बसला, त्यामुळं ती पुण्याला गेलेली नव्हती. नोंद गेल्याशिवाय गाडी बागेवर जात नाही. नोंद पुसली गेली तर फळांची तपासणी पहिल्यापासून, म्हणजे आठवडा गेला. आणि परतीचा पाऊस डोक्यावर. तयार डाळिंब पावसात तडकलं की ते परदेशी जात नाही, रसवाल्याकडे जातं. सर्जेराव तोडणीची माणसं घेऊन बांधावर बसले होते.

प्रतवारीच्या बायकांची मुख्य फुलाबाई. तिच्या स्वतःच्या फोनवरून महिपतीनं तो नंबर लावला.

"फोन तुम्हाला कुठं सापडला?" दिग्विजयनं विचारलं.

"सापडला न्हाय. माझाच हाय."

"तो चोरीला गेलाय. काल सगळे एकाच जागी, एकदमच बंद झाले."

"मीच बंद केलं की."

"मग तुम्ही कोण?"

आपण कोण, असं कळसमध्ये महिपतीला आजवर कुणी विचारलं नव्हतं. त्यानं नाव सांगितलं, बापाचं सांगितलं, गट नंबर सांगितला. दिग्विजय म्हणाला, नाव कुणीही सांगेल, ओळखीसाठी मेलवर कोड पाठवलाय तो वाचा. मेल उघडायची त्याच हरवलेल्या फोनवर! कुलपाची किल्ली कुलपाच्या आत ठेवणाऱ्यांना शहाणे म्हणायची पद्धत आहे हल्ली. बारापर्यंत ओळख पटली नाही तर सगळे फोन पुसायचा हुकूम आहे, हेही त्यानं सांगून टाकलं.

महिपती हिशेब मांडायला लागला. चोर कोण? फोन त्याच्याकडे, म्हणजे तोच. पण ज्याचा फोन गेला, तोही तोच. त्यानं फुलाबाईला विचारलं. ती म्हणाली, "मला काय इचारता? काल तुमीच म्हनला, अवजाराला एक दिस इसावा द्या. घ्या आता."

मग तिनंच फोन ओढून घेतला, पूजेच्या पाटाचा फोटो काढला आणि दिग्विजयला धाडला. कात्र्या, वजनकाटा आणि कपाळाला कुंकू लावलेले ओळीनं फोन.

दिग्विजयनं फोटो मोठा करून पाहिला.

"मी वालचंदनगरचा," दिग्विजय म्हणाला. "वडील कारखान्यात होते. आमच्याही घरी पाने, हातोड्या पूजेला असायच्या. पण काका, ते पाने पुण्याला काही कळवत नव्हते."

त्यानं व्यवस्थापकांना फोटो दाखवला, कुलूप काढायची परवानगी आणली. फक्त कारण भरायचं होतं, आणि पडद्यावर कारणं ठरलेली: चोरी, हरवणं, बिघाड. पूजा नव्हती. बिघाड टाकतो, तो म्हणाला.

"बिघाड न्हवता," महिपती अडला. "चांगला चालता फोन मी बंद केला. खोटं कशाला लिवायचं?"

तेवढ्यात फुलाबाईच्या फोनवर सर्जेरावांचा फोन आला. "महिपती, आभाळ भरलंय. गाडी येतीय का मी बांधावर सोनं वाटत बसू?"

महिपतीनं एकदा आभाळाकडं पाहिलं.

"टाका बिघाड," तो परत लाइनवर येऊन दिग्विजयला म्हणाला. "फोनाचा नगं, माझा टाका."

तशी सोय पडद्यावर नव्हती. दिग्विजयनं काय भरलं ते महिपतीला कळलं नाही. फोन उघडला, नोंद गेली, गाडी बागेकडे निघाली. महिपती ड्रायव्हरशेजारी बसला होता, फोन दोन्ही हातांत धरून. खिशात घातला तर पुण्याला काय दिसेल, याचा त्याला अंदाज येत नव्हता.